स्टुडिओतर्फे हरकत नाही

आपला फोटो चोरीला गेलाय हे हलूनकांना ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी सकाळी ते एका तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढत होते. बाळ डोळे उघडायला तयार नव्हतं. आई चुटक्या वाजवून थकली होती, बाबा किल्ल्या वाजवून थकले होते. शेजारचा शिंपी दारात येऊन उभा राहिला. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि तोंडाला कुलूप. हा माणूस आत आला की आधी त्याचा आवाज यायचा आणि मग तो. म्हणून हलूनकांनी कॅमेऱ्यावरून मान वर केली.

"काय रे, माझी मापं घ्यायला आलायस का?"

"आधी ते बाळ उरका."

"का?"

"उरका म्हटलं ना."

बाळाने एकदाचा एक डोळा उघडला, मग दुसरा. "हलू नका!" हलूनका ओरडले आणि बटण दाबलं. तान्ह्या बाळालाही ते हलू नकाच म्हणायचे. तीस वर्षांत समोर बसलेल्या एकाही माणसाला ते वेगळं काही म्हणाले नव्हते. त्यावरूनच गल्लीने त्यांचं नाव पाडलं होतं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी आता फक्त पोस्टमन वाचायचा.

बाळ गेल्यावर शिंपी म्हणाला, "चौकात नवा बोर्ड लागलाय."

"लागू दे की."

"त्यावर वहिनी आहेत."

हलूनकांनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग ते काढलं आणि परत लावलं. वहिनी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

चौक चार मिनिटांवर. चपलांच्या दुकानाच्या वर, दोन मजले उंच, ती हसत होती. आधी काय दिसलं असं कोणी विचारलं तर हलूनकांना खरं सांगायची लाज वाटली असती. आधी त्यांना उजेड दिसला. डाव्या गालावर जरा जास्त झालाय, एवढंच पहिल्यांदा मनात आलं. डोळ्यांच्या बाहुल्यांत दिव्यावरच्या छत्रीचा पांढरा ठिपका होता आणि त्याच्या खाली एक बारीक आडवी रेघ. ती रेघ त्यांच्या स्टुडिओच्या खिडकीची होती, तिथली फळी फुगून खिडकी कधीच पूर्ण बंद होत नव्हती. जगात दुसऱ्या कुठल्याही खोलीत असा उजेड पडत नव्हता. म्हणजे फोटो त्यांचा होता. मग त्यांनी चेहरा पाहिला आणि शेवटी खालची ओळ वाचली.

'मी वेळेवर तपासणी केली. आज मी ठणठणीत आहे.'

त्याखाली तपासणी केंद्राचं नाव आणि फोन नंबर.

"बसा," शिंपी म्हणाला आणि त्यांना चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं. "पाणी आणू?"

"हा उजेडाचा फोटो आहे," हलूनका म्हणाले.

शिंप्याला ते सांगावं लागलं नाही. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिला फोटो बायकोचा निघायचा. गिऱ्हाईक येण्याआधी दिवे बरोबर लागलेत का ते बघायला ती स्टुलावर बसायची, हनुवटीखाली पांढरा थर्माकोल धरायची आणि म्हणायची, "काढा लवकर, मला फॉर्म भरायचेत." हलूनका फोटो काढायचे, पडद्यावर बघायचे, दिवा इंचभर सरकवायचे, संपलं. दुकान बंद करताना दिवसभरातले वाया गेलेले फोटो पुसून टाकायचे, त्यात तोही जायचा. ती विचारायची, "आजचा माझा कसा आलाय?" ते म्हणायचे, "कचरा." ती म्हणायची, "हरकत नाही."

हरकत नाही हा तिचा शब्द होता. गिऱ्हाइकाने डोळे मिटले, हरकत नाही, परत काढू. फोटो न्यायला कोणी वर्षभराने उगवलं, हरकत नाही, आहे ठेवलेला. तिला बघायला गेले होते तेव्हा तिच्या वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, मुलगा पसंत आहे का, तर ती खाली बघून म्हणाली, "हरकत नाही." हलूनकांनी तिला त्यावरून अठ्ठावीस वर्षं चिडवलं. "लोक पसंत म्हणतात, आवडला म्हणतात. तू मला हरकत नसलेला नवरा करून टाकलंस." शिंपी तर उघड म्हणायचा, "पाटी बदला. हलूनका आणि हरकतनाही, दोघांचं दुकान."

आणि इतकी वर्षं रोज फोटो काढून, ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला घरात तिचा एकही धड फोटो सापडला नव्हता. पासपोर्टचा होता, तोच मोठा करून लावला. ती त्यात कान दिसावेत म्हणून केस मागे घेऊन, सरकारी चेहऱ्याने समोर बघत होती. इथे चपलांच्या दुकानावर मात्र ती हसत होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि रोज बसने त्याच चौकातून कामाला जायची.

"बाबा, तुम्ही दिलात का तो फोटो?"

"मी कशाला देऊ?"

"मग कुठून आला?"

"तेच बघतोय."

ती म्हणाली, "बस सिग्नलला थांबते ना, ती बरोबर तिच्यासमोर थांबते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, बघा किती छान, या वयातसुद्धा. मी तिथेच उतरले आणि पुढचे दोन थांबे चालत गेले. उद्यापासून चौक यायच्या आधीच उतरणार आहे. मला नाही ते वाचता येत."

"आठ दिवसांत उतरवायला लावतो."

"नक्की?"

"शब्द देतो."

शब्द देऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बोर्ड कसा उतरवतात हे आपल्याला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी ते तपासणी केंद्रात गेले. जाहिरातीचं काम बघणारा माणूस तरुण होता, नम्र होता, खुर्ची पुढे करत होता. खोलीला सगळीकडून काच होती. बाहेरच्या भिंतीवरही बायको होती, दाराएवढी.

"तुम्ही फोटोग्राफर? अरे वा! मॅडमना नाही आणलंत? आमच्या स्टार आहेत त्या."

"ती गेली."

"कुठे?"

"वारली. आठ महिने झाले."

तो माणूस अर्धा उठला, मग बसला. त्याने टेबलावरचं पेन सरळ केलं. वाईट वाटलं त्याला, खोटं कशाला बोला. पण वाईट वाटून झाल्यावर तो म्हणाला, "मला खरंच कल्पना नव्हती सर. पण आमच्याकडे परवानगी आहे. लेखी."

"कोणाची?"

"स्टुडिओची."

"स्टुडिओ म्हणजे मी. मी दिलेली नाही."

"फाइल मुख्य ऑफिसला असते, मला दाखवता येत नाही. पण आहे, एवढं नक्की. आणि ते वाक्यसुद्धा आमचं नाही हो. त्यांचंच आहे."

"माझी बायको असलं वाक्य कशाला लिहील?"

"तुम्ही लेखी अर्ज द्या. अकरा बोर्ड आहेत, वर्षभराचं बुकिंग आहे, माझ्या एकट्याच्या हातात काही नाही."

हलूनका उठून चुकून काचेच्या भिंतीकडेच गेले. ते दार नव्हतं. पलीकडून बायको हसत होती आणि अलीकडे त्यांना बाहेर जायची वाट सापडत नव्हती. त्या माणसाने उठून, हळूच दंडाला धरून त्यांना दार दाखवलं.

वकीलबाई ओळखीच्या होत्या. शाळेच्या ओळखपत्रापासून वकिलीच्या ओळखपत्रापर्यंत त्यांचे सगळे फोटो याच दुकानात निघाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वही उघडली.

"काका, एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. फोटो ज्याने काढला, त्याचा. फोटोत कोण आहे, फोनमध्ये कोणाच्या आहे, कोणी कोणाला पाठवला, ते सगळं नंतर. तुम्ही लिहून दिलं नसेल तर तो तुमचाच आहे आणि तुमच्या परवानगीशिवाय कोणी छापू शकत नाही. आपण नोटीस पाठवू. बोर्ड उतरवा, वेबसाइटवरून काढा, भरपाई द्या."

"भरपाई नको. उतरवू देत फक्त."

"नको असली तरी मागायची. नाहीतर त्यांना वाटतं माणूस नुसता रागावलाय. नाही ऐकलं तर कोर्टाकडून मनाई आणू, ती महिना-दीड महिन्यात मिळू शकते. पण पुरावा लागेल. अकराही बोर्डांचे फोटो काढा, प्रत्येकात त्या दिवशीचा पेपर दिसला पाहिजे, म्हणजे तारीख कळते. कशाला हात लावू नका. आणि मूळ फोटो आणा. कॅमेऱ्यातून निघालेला, न कापलेला. तो ज्याच्याकडे, त्याची बाजू भक्कम."

"तो मी पुसला."

"पुसला?"

"त्याच दिवशी. रोज पुसायचो."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांच्याकडे गेला कुठून?"

उत्तर त्यांना दोघांनाही माहीत होतं. तो बायकोच्या फोनमधून गेला होता. तो फोन ती गेल्यापासून स्टुडिओच्या खणात पडला होता, कात्री आणि फोटोचे कोपरे कापायच्या पंचाशेजारी. आठ महिन्यांत तो त्यांनी चार्जिंगला लावला नव्हता.

आधी त्यांनी बोर्ड उरकायचं ठरवलं. पेपर धरायला माणूस हवा होता. शिंप्याने दुकानाला कुलूप लावलं आणि आला.

"मॉडेल म्हणून पहिल्यांदाच चाललोय," तो म्हणाला. "केस बरे आहेत ना?"

"तुझं फक्त पोट येणार आहे फोटोत."

"हरकत नाही," शिंपी म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

दिवसभर ते हिंडले. पुलाखाली, बँकेशेजारी, बाजाराच्या कमानीवर. शिंपी पेपर छातीशी धरून उभा राहायचा, हलूनका मागे मागे सरकायचे, आणि सवयीने तोंडातून जायचं, "हलू नका." एकदा तर शिंपी म्हणाला, "मला म्हणताय का वहिनींना?" एका कोपऱ्यावर कोणी उगाच थांबून विचारलं, "काय हो, बोर्डाचे फोटो कशाला?" शिंपी म्हणाला, "घरचं माणूस आहे." विचारणारा वर बघून म्हणाला, "भाग्यवान आहात."

सातवा बोर्ड बसथांब्यावर होता, माणसाच्या उंचीचा. एक बाई तिला टेकून डुलकी काढत होती. तिची बस येईपर्यंत हलूनका थांबले. ती उठल्यावर दिसलं की कोणी तरी बायकोला पेनाने मिशी काढली होती. वकीलबाई म्हणाल्या होत्या कशाला हात लावू नका. हलूनकांनी रुमाल काढला, शिंप्याच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवला आणि मिशी पुसायला लागले. पुसताना त्यांचा हात तिच्या ओठांवर होता आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं बघत होती. शिंपी त्यांच्याकडे पाठ करून, पेपर दोन्ही हातांनी पसरून, जणू वाचतोय असा उभा राहिला.

फोन त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी चार्जिंगला लावला. पंधरा मिनिटांनी तो जागा झाला आणि आकडे मागायला लागला. लग्नाची तारीख टाकली, नाही. लेकीचा वाढदिवस, नाही. मग ते स्टुलावर बसले आणि तिच्यासारखा विचार करायला लागले. ती दिवसभर काय लिहायची? प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक फॉर्मवर, फोटोचं माप. पस्तीस बाय पंचेचाळीस. त्यांनी तीन पाच चार पाच दाबलं आणि फोन उघडला.

फोटोंमध्ये एक वेगळा कप्पा होता. त्याला नाव दिलं होतं 'कचरा'.

त्यात तिचे चारशे बारा उजेडाचे फोटो होते. ते पुसायच्या आधी, कधी ते दिवे बंद करायला आत गेले असताना, ती कार्डावरून उतरवून घेत असणार. अख्खेच्या अख्खे, तारखेसकट, कॅमेऱ्याच्या नंबरासकट. जांभई देताना, शिंकताना, हातात थर्माकोल उलटा धरून, जिभेने पाकीट चिकटवताना. एकात ती रागावली होती. कशावरून, ते त्यांना आठवेना. स्टूल तेच, खिडकीची रेघ तीच, फक्त ती हळूहळू वयाने वाढत गेली होती आणि शेवटच्या पन्नासेक फोटोंत हळूहळू बारीक होत गेली होती.

हसतानाचा फोटो मधेच होता, दोन वर्षांपूर्वीचा. ती तारीख त्यांना चांगलीच आठवत होती. आदल्या दिवशी तिचे रिपोर्ट आले होते आणि सगळे स्वच्छ होते. तपासणी केंद्राने दुखणं लवकर शोधलं होतं, ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर म्हणाले होते, आता विसरून जा. सकाळी ती स्टुलावर बसली आणि त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, तर ती म्हणाली, "आज नाही म्हणायचं हलू नका. आज हलणार मी." आणि हसली. त्यांनी तेवढ्यात बटण दाबलं होतं.

मग त्यांनी तपासणी केंद्राचा संवाद शोधला. तोही त्याच दिवसाचा होता. तिकडून कोणी तरी तिचं अभिनंदन केलं होतं आणि विचारलं होतं, एखादा हसरा फोटो पाठवाल का, लोकांना धीर येईल, वापरला तर चालेल ना? कुठे वापरणार, किती दिवस, काही नव्हतं. तिने फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं:

'स्टुडिओतर्फे हरकत नाही. कुठेही लावा. आणि खाली लिहा, मी वेळेवर तपासणी केली. आज मी ठणठणीत आहे.'

हलूनकांनी ते तीनदा वाचलं. तो जाहिरातवाला खोटं बोलला नव्हता. वाक्य तिचंच होतं. आणि ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी ते खरंही होतं. वर्षभराने दुखणं परत आलं. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं तेव्हा ती त्या डॉक्टरांनाच म्हणाली होती, "हरकत नाही, तुम्ही तरी काय करणार."

त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नाही. फोन लपवावा, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण लपवून उपयोग नव्हता. जे इकडून गेलं होतं ते तिकडे पोचलेलं होतं.

वकीलबाईंनी फोन हातात घेतला, वाचलं, आणि खिडकीजवळ जाऊन परत वाचलं.

"काकूंनी 'माझी हरकत नाही' लिहिलं असतं तर प्रश्न नव्हता," त्या म्हणाल्या. "त्यांची नसेना का, फोटो तुमचा. पण त्यांनी 'स्टुडिओतर्फे' लिहिलंय. म्हणजे तुमच्यातर्फे."

"तिला तशी सवय होती. सगळं स्टुडिओतर्फेच लिहायची. लेकीच्या शाळेत आजारपणाची चिठ्ठीसुद्धा एकदा स्टुडिओतर्फे गेली होती."

वकीलबाई हसल्या नाहीत. "दोन रस्ते आहेत. एक, काकूंना असं लिहायचा अधिकार नव्हता म्हणायचं. दुकान तुमच्या नावावर, पाटी तुमची, कागदोपत्री त्या कुठेच नाहीत. मग ही परवानगी शून्य, मनाई लवकर मिळेल. दोन, अधिकार होता म्हणायचं, पण आता वारस म्हणून तुम्ही परवानगी मागे घेताय. मग ते म्हणतील, 'कुठेही लावा' लिहून दिलंय, बोर्ड छापून झालेत, वर्षाचं बुकिंग आहे. भांडता येईल. पण त्याला दोन वर्षं लागतील, तीन लागतील. तोवर बोर्ड तिथेच. आणि शेवटी जिंकूच असं मी लिहून देणार नाही."

"आणि ती आता नाही, आणि खाली ठणठणीत लिहिलंय, त्याचं काय?"

"माणुसकी म्हणून मागू शकतो. मी कालच बोलले त्यांच्या साहेबांशी. ते म्हणाले, सांगितलं तेव्हा खरं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद तयार करून दिला. हलूनकांनी चष्मा लावून वाचला. 'माझी दिवंगत पत्नी ही सदर स्टुडिओच्या कामकाजात कोणत्याही नात्याने सहभागी नव्हती. स्टुडिओतर्फे कोणतीही परवानगी देण्याचा तिला अधिकार नव्हता व नाही.'

"'व नाही' कशाला?" त्यांनी विचारलं. "ती गेलीच आहे."

"तशी भाषा असते काका."

"आणि कोणत्याही नात्याने?"

"अर्धवट लिहिलं तर ते फट शोधतात."

"पण तो कचऱ्याचा कप्पा? चारशे बारा दिवस ती स्टुलावर बसलीय. फोटो माझा आहे हे त्याच्यावरूनच ठरणार ना?"

"आपण एकच फोटो दाखवायचा. बाकीचे दाखवायचे नाहीत." वकीलबाईंनी वही मिटली. "आणि शेजारपाजारच्यांशी याबद्दल बोलू नका. कोणाला साक्षीला बोलावलं तर दुकान कोण चालवायचं म्हणून विचारतील."

हलूनका कागद घेऊन दुकानात आले. शिंपी वाटच बघत होता.

"झालं का काम?"

"तुला कोणी विचारलं, वहिनी दुकानात कोण होत्या, तर काय सांगशील?"

"कोण म्हणजे? मालकीण. फोटो तुम्ही काढायचात, दुकान त्या चालवायच्या. तुम्हाला पाकीट कुठे ठेवलंय तेसुद्धा माहीत नसायचं. तुम्हीच तर प्रत्येकाला सांगायचात, हिला विचारा, हिचा शब्द शेवटचा." शिंप्याने कानावरचा खडू काढला. "का? कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही. सहज."

आठवा दिवस होता. लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिला कागद वाचून दाखवला.

"बाबा, एक सहीच तर आहे," ती म्हणाली. "आईला कुठे कळणार आहे?"

"नाही कळणार."

"मग करून टाका. मी रोज दोन थांबे चालतेय. पावलं मोजत, मान खाली घालून. पलीकडच्या रस्त्यानं गेले तर बाजाराच्या कमानीवरसुद्धा आहे."

"करतो."

"लहानपणी मी शाळेतून यायचे ना, तेव्हा काउंटरमागे ती असायची," लेक म्हणाली. "तुम्ही आत असायचात, पडद्यामागे. मला वाटायचं दुकान तिचंच आहे आणि तुम्ही तिच्याकडे कामाला आहात."

दोघंही हसले. मग लेकीला रडू आलं. "तो कागद परत वाचा," ती म्हणाली. त्यांनी परत वाचला. "दुसरं काही लिहिता येत नाही का?"

"येतं. पण त्याला तीन वर्षं लागतील."

लेक करा म्हणाली नाही आणि करू नकाही म्हणाली नाही. "मी ठेवते, बस आली," एवढंच म्हणाली.

त्याला आता सतरा दिवस होऊन गेलेत. वकीलबाईंचे दोन फोन आले. उशीर केलात तर कोर्ट विचारेल, इतके दिवस गप्प का होतात, असं त्या म्हणाल्या. हलूनका हो म्हणाले. सकाळी ते दुकान उघडतात, दिवे लावतात, थर्माकोल स्टुलावर उभा करतात आणि उजेड बघतात. थर्माकोलवरून चेहऱ्याचा अंदाज येत नाही, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक हल्ली जरा काळवंडलेलं निघतं. एकदा शिंप्याला बसवून बघितलं, पण तो इतका बोलतो की ओठ हललेले येतात. दुकानातून चौकातला बोर्ड दिसत नाही. तरी गिऱ्हाईक येतं ते तिकडूनच येतं, आणि आठवड्यातून एकदा तरी कोणी म्हणतंच, "काका, काकूंना बघितलं हो बोर्डावर. बऱ्या झाल्या वाटतं?"

कागद काउंटरच्या काचेखाली आहे, फोटोच्या मापांच्या तक्त्याशेजारी. खाली त्यांचं नाव छापलेलं आहे आणि तारखेची जागा मोकळी आहे. सही झालेली नाही. नोटीस गेलेली नाही. अकराच्या अकरा बोर्ड जागेवर आहेत.